मीटर सर्व्हरचं, वजाबाकी आपली

घरातलं विजेचं मीटर डोळ्यांसमोर आणा. आज किती युनिट जळली हे ते सांगत नाही, सरासरीही काढत नाही. बसवल्यापासूनचा एकूण आकडा दाखवतं, बस्स. रीडिंग घेणारा एखादा महिना आला नाही तरी हिशेब बुडत नाही. पुढच्या खेपेला वजाबाकी केली की दोन्ही महिन्यांचा वापर हाती येतो. सर्व्हरनं स्वतःबद्दल असंच सांगावं, एवढाच माझा आग्रह आहे.

अपाचे वेब सर्व्हरचं मॉड-स्टेटस घ्या, म्हणजे सर्व्हरची स्थिती दाखवणारं त्याचं मॉड्यूल. ते चालू केलं की सुरुवातीपासून किती रिक्वेस्ट आल्या, त्या हाताळणारे किती वर्कर कामात आहेत, किती मोकळे, हे एका पानावर दिसतं. पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि 'ऑटो' जोडलं की तेच आकडे मॉनिटरिंगच्या, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या, टूलला वाचता येतील अशा साध्या ओळींत मिळतात. त्यात 'सेकंदाला किती रिक्वेस्ट' हाही आकडा असतो, आणि नवी मुलं नेमका तोच उचलतात. पण ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी आहे! सर्व्हर महिनाभर चालू असेल, तर आत्ता उडालेली झुंबड तिच्यात दिसणारच नाही. एकूण रिक्वेस्टचा आकडा घ्या, पंधरा सेकंदांनी पुन्हा घ्या, वजाबाकी आणि भागाकार स्वतः करा. कामातल्या वर्करचं मात्र तसं नाही. तो आकडा पेट्रोलच्या काट्यासारखा वर-खाली होतो, तो आहे तसाच वाचायचा.

एकूण आकड्यालाही मर्यादा असते. नेटवर्कवरच्या यंत्रांना त्यांचे आकडे विचारण्याची एक पद्धत म्हणजे एसएनएमपी. तिच्या १९८८ च्या आवृत्तीत काउंटर, म्हणजे असा वाढत जाणारा आकडा, ३२ बिटांचा होता. म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ झाले की पुन्हा शून्य. एक गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर बाइट मोजणारा हा काउंटर साधारण ३४ सेकंदांत फिरतो. आपण दर पाच मिनिटांनी विचारत असू, तर मधल्या वेळात तो आठ वेळा फिरून आलेला असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. म्हणून पुढच्या आवृत्तीत ६४ बिटांचे काउंटर आले. सर्व्हर रिस्टार्ट झाला तरी आकडा शून्यावर येतो. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ साली सुरू झालेलं प्रोमिथियस हे मॉनिटरिंगचं टूल ही गोष्ट ओळखतं: काउंटर कमी झालेला दिसला की तो रिस्टार्ट धरून पुढचा वेग काढतं.

आता पान कुणाला दाखवायचं ते. एका ठिकाणी हे स्टेटस पान साऱ्या इंटरनेटला उघडं होतं. येणाऱ्यांचे आयपी पत्ते आणि त्यांनी मागितलेल्या यूआरएल, पासवर्ड बदलण्याच्या लिंकसकट, कुणीही वाचू शकत होतं. तिथल्या लोकांनी घाबरून मॉड्यूलच बंद करायचं ठरवलं. मी अडवलं. डोळे फोडून घरात चोर येणं थांबत नाही. पान फक्त आतल्या नेटवर्कमधल्या मॉनिटरिंगच्या मशीनपुरतं ठेवलं, आणि पाठवून झालेल्या लिंक त्याच दुपारी रद्द केल्या.