खोलीच्या वर किती अंश? ग्राफिक्स कार्डाचे तापमान आणि खानदेशचा उन्हाळा

(जळगाव येथे विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो, संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे सुरक्षित तापमान किती, असे विचारणाऱ्याला बहुधा एकच आकडा हवा असतो. आकडा देता येतो आणि तो मी देणारही आहे. परंतु जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला राहणाऱ्याने तो एकटा वाचू नये, त्याच्या शेजारी खोलीच्या हवेचे तापमानही मांडावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी कंपन्यांनी ठरवलेल्या मर्यादा पाहू. एनव्हिडिया या कंपनीने आपल्या जीटीएक्स 1080 या कार्डासाठी कमाल 94 अंश सेल्सिअस, आरटीएक्स 3080 साठी 93 आणि आरटीएक्स 4090 साठी 90 अंश अशी मर्यादा दिली आहे. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या 2019 सालच्या आरएक्स 5700 मालिकेत कार्डाच्या मुख्य चिपवरच्या सर्वांत तप्त बिंदूचे, म्हणजे हॉटस्पॉटचे तापमान 110 अंशांपर्यंत जाणे कंपनीने स्वीकारार्ह मानले होते. हे दोन प्रकारचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत, कारण हॉटस्पॉट हा चिपच्या सर्वसाधारण तापमानापेक्षा 10 ते 15 अंशांनी वर असणे स्वाभाविक आहे. या मर्यादेजवळ पोहोचताच कार्ड स्वतःचा वेग आणि व्होल्टेज उतरवते. तरीही तापमान चढत राहिले तर संगणक बंद पडतो. म्हणजे संगणकावर गेम खेळता खेळता कार्ड एकाएकी जळून जाईल, ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. खरे नुकसान सावकाश होते: पंख्याच्या बेअरिंगमधले वंगण सुकते, चिपची उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट कडेला सरकते, आणि रोजच्या तापण्या-निवण्याने सोल्डरच्या जोडांवर ताण येत राहतो. रोज तासन्‌तास खेळणाऱ्याने म्हणूनच चिप 80 च्या आत आणि हॉटस्पॉट 95 च्या आत राहील असे पाहावे, असे मी सुचवतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. कार्डांच्या चाचण्या बहुधा 20 ते 25 अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. तिथे 68 अंशांवर स्थिरावलेले कार्ड खोलीच्या वर साधारण 45 अंश गेलेले असते. पंख्याचा वेग आणि विजेचा वापर तोच ठेवला, तर ही चढ जवळपास तेवढीच राहते. मे महिन्यात भुसावळला बाहेर पारा 45 च्या आसपास असतो, स्लॅबखालच्या खोलीत 40 अंश सहज भरतात, आणि तेच निर्दोष कार्ड 85 दाखवू लागते. खोलीतली हवा 40 अंशांची असेल तर कोणताही पंखा कार्डाला 40 च्या खाली आणू शकत नाही. यासाठी साधे भिंतीवरचे थर्मामीटर संगणकाजवळ टांगावे आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या कार्डाच्या तापमानातून त्याचा आकडा वजा करावा. डिसेंबरात जी चढ 45 होती ती मे महिन्यातही 45 च असेल, तर कार्डात बिघाड नाही. ती 55 झाली असेल, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे.

आपल्याकडे हे कारण बहुतेक वेळा धूळ असते, आणि कापसाच्या पट्ट्यात ती नुसती धूळ नसते. जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा, हंगाम सुरू झाला की हवेत तरंगणारे बारीक तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या, पातळ पत्र्यांच्या तोंडाशी अडकतात. त्यांच्यावर माती बसली की नमद्यासारखा राखाडी थर तयार होतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पाती फिरतात, आवाज वाढतो, पण हवा पत्र्यांच्या मधून जातच नाही. टॉर्चचा उजेड पात्यांच्या फटीतून तिरपा टाकला की हा थर दिसतो. ब्लोअरने तो उडवताना पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर हवेच्या झोताने पंखा त्याच्या क्षमतेबाहेर फिरून बेअरिंग बिघडते.

दीर्घ वेळ खेळताना आणखी एक गोष्ट घडते. कार्ड पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच आपल्या तापमानाला स्थिरावते. त्यानंतरही आकडा हळूहळू चढत असेल, तर कॅबिनेटमधली किंवा खोलीतली हवा तापत आहे असे समजावे. 220 वॉटचे कार्ड आणि बाकीचा संगणक मिळून 350 वॉट वीज घेत असतील, तर ती सगळी अखेर उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. कॅबिनेटच्या बाजूचे झाकण काढून पाहावे. आकडा पाच अंशांहून अधिक उतरला, तर दोष हवेच्या मार्गात आहे. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये हे हमखास आढळते. खोलीत कूलर असेल तर खिडकी उघडी ठेवावी आणि कॅबिनेट थेट झोतात ठेवू नये. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर खोली चांगली उतरवतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याचा तेवढा उपयोग होत नाही.

पंख्याच्या नियंत्रणाबद्दल मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. अनेक कार्डांचे पंखे 50 ते 60 अंशांपर्यंत पूर्ण थांबलेले असतात. थंडीत ही सोय उत्तम आहे. परंतु मे महिन्यात काहीही न करता कार्ड 50 च्या वर असते, आणि मग पंखा सारखा सुरू होतो, सारखा थांबतो. उन्हाळ्यापुरती ही सोय बंद करून पंखा कायम 30 ते 35 टक्क्यांवर फिरता ठेवावा. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्राममध्ये तापमानानुसार पंख्याच्या वेगाचा आलेख स्वतः आखता येतो: 60 अंशांना 50 टक्के, 70 ला 65, 80 ला 85, अशी चढती रेघ बहुतेक कार्डांना मानवते. हिस्टेरेसिस, म्हणजे वेग बदलण्यापूर्वी तापमानाला दिलेली मोकळीक, चार-पाच अंशांवर ठेवावे, म्हणजे आकडा एका अंशाने हलला की वेग बदलणार नाही. पंखा सदैव शंभर टक्क्यांवर ठेवण्याचा सल्ला मी देत नाही. फेरे दुप्पट केले तर हवा जवळपास दुप्पट मिळते, पण आवाज सुमारे 15 डेसिबलने वाढतो आणि पंख्याला वीज आठपट लागते.

त्यापेक्षा उष्णता मुळातच कमी निर्माण करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने घ्यायच्या विजेची कमाल मर्यादा, 80 टक्क्यांवर आणली, तरी फ्रेम्स, म्हणजे दर सेकंदाला तयार होणारी चित्रे, 20 टक्क्यांनी घटत नाहीत, घट बरीच कमी असते. मॉनिटर 75 हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला 75 चित्रे दाखवणारा, असताना कार्डाकडून सेकंदाला 140 फ्रेम्स काढून घेण्यातही अर्थ नाही. फ्रेम्सना 75 ची मर्यादा घातली की कित्येक खेळांत पंख्याचा आलेख हलवण्याची गरजच उरत नाही.

हे सगळे करूनही चिप आणि हॉटस्पॉट यांतले अंतर 25 अंशांच्या पुढे राहत असेल, तर पेस्ट निकामी झाली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही असे समजावे. वॉरंटी शिल्लक असेल तर कार्ड घरी उघडू नये, विक्रेत्याकडे न्यावे, आणि सोबत खोलीचे तापमान व कार्डाचे दोन्ही आकडे लिहून द्यावेत.