अळी उन्हाळ्यात राहते कुठं?

(दृश्य : यवतमाळ जिल्हा, भर पावसाळा. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, वाकून एक हात फूल खुडतो.)

या फुलानं उमलायला हवं होतं. पण पाकळ्यांची टोकं आत वळून एकमेकींत अडकली आहेत. शेतकरी याला डोमकळी म्हणतात. नखानं पाकळी सोडवली की बारीक रेशमी धागा तुटतो आणि आत बसलेली गुलाबी बोंडअळी दिसते. अजून पांढुरकीच आहे. गुलाबी रंग नंतर चढतो.

या अळीचा अभ्यास विदर्भाच्या दारातच झाला आहे. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. शिफारशी पाठ व्हाव्यात इतक्या साध्या. फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी झाल्यावरही पीक लांबवू नका. डिसेंबरअखेर वावर मोकळं करा. उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचू नका. हंगामाआधी पेरू नका. मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावा. पत्रकावर त्या एकाखाली एक छापल्या की वाचणाऱ्याला नुसते हुकूम दिसतात. झाडावर अजून बोंडं आहेत, घरात पैशाची नड आहे, अशा वेळी उभं पीक उपटायचं तर कारण मनाला पटावं लागतं.

(दृश्य : संध्याकाळ. पारावर माणसं. कृषी सहायक ताईंच्या हातात एक किडकं बोंड.)

ताई अळीची गोष्ट सांगतात. मादी पतंग रात्री फिरते, पात्यांवर (फुलांच्या कळ्यांवर) आणि बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी लगेच आत शिरते आणि ते छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार. फवारा वरून पडतो, ती आत सरकी खात असते.

एवढं सांगून ताई थांबतात. एक आजोबा विचारतात, "मंग पेरा नसते तवा हे अळी राह्यते कुठं जी?"

सगळी गोष्ट या प्रश्नासाठीच रचली होती. ताई उत्तर देत नाहीत. "तुम्हाले काय वाटते, काका?" कुणी मातीत म्हणतं, कुणी झाडाच्या सालीत. मग ताई बोंड फोडतात. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्यांच्या पोकळीत अळी. काही न खाता ती अशीच सुप्त पडून राहते, पुढच्या हंगामापर्यंत.

आता पुढचं लोकच बोलतात. फरदड म्हणजे तिच्या शेवटच्या पिढीचं जेवण. धुऱ्यावरचा ढीग म्हणजे तिचं घर. पतंगाचं आयुष्य मोजक्या दिवसांचं. तो बाहेर पडेल तेव्हा वावरात पात्या-फुलं नसली, तर अंडी घालणार कुठं? लवकर पेरलेली कपाशी नेमकी तेव्हाच पात्यांवर आलेली असते.

ही रीत इथलीच आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. विज्ञान सांगणाऱ्यानं त्यांच्याकडून शिकावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पण गोष्ट रंगवताना विज्ञान वाकवायचं नाही. बोंडअळीला मारणारं विष स्वतःच्या अंगात तयार करणाऱ्या बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, पुढे गुलाबी अळी तिला दाद देईना. अळी हुशार झाली, हे सांगायला सोपं. घडलं ते असं, की विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या वाचल्या आणि पिढ्यानपिढ्या त्यांचाच वंश वाढला. तसंच अळीला राक्षसही करायचं नाही. घाबरलेला माणूस पंप उचलतो. २०१७ मध्ये बोंडअळीनं विदर्भातला कापूस नासवला, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले.

म्हणून गोष्टीतही आकडा जसाच्या तसा येतो. एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री, तेव्हा फवारणीचा विचार. ताई पोरांना विचारतात, "पहिल्या रात्री नऊ सापडले, दुसऱ्या रात्री पाच. फवारायचं का?"

"नाही!"

(दृश्य : बायकांच्या घोळक्यातून एक आवाज.)

"आन् आपला कापूस जिनिंगात जाते, त्या सरकीतल्या अळीचं काय?"

ताई सांगतात, जिनिंगात कापसातून सरकी वेगळी करतात, म्हणून सापळे तिथल्या आवारातही लावायचे असतात. तिथली सरकी उघडी पडून राहिली, तर पतंग आसपासच्या वावरांतच उतरतात. घोळक्यात चर्चा सुरू होते : गावाजवळच्या जिनिंगात हे विचारायला कुणी जायचं.