एक तास, दोनशे पावलं

(वन्यजीव सप्ताहात, निसर्गफेऱ्या घेणाऱ्या शिक्षक आणि स्वयंसेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह येतो आणि त्यामागोमाग ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. म्हणजे पाऊस ओसरल्यापासून थंडी पडेपर्यंत शाळा, वनखातं, निसर्गमंडळं सगळीकडे लगबग असते. चित्रकला स्पर्धा होतात, वाघाचे मुखवटे लावून मुलं प्रभातफेरी काढतात, सभागृहात अंधार करून ताडोबाची चित्रफीत दाखवली जाते. यातलं काहीच वाईट नाही. पण वन्यजीव म्हणजे कुठल्यातरी लांबच्या जंगलातला वाघ, ही समजूत अशानं आपणच मुलांच्या मनात पक्की करतो. आणि तीही नेमकी अशा दिवसांत, जेव्हा घरापासून दहा मिनिटांवरच्या टेकडीवर वर्षातली सगळ्यात मोठी जत्रा भरलेली असते.

माझा आग्रह एवढाच आहे की फेरी जवळच्या जागी काढा, तिथेच पुन्हापुन्हा जा, आणि चाला कमी, थांबा जास्त. एका तासात दोनशे पावलं झाली तर ती चांगली फेरी.

शरदातच का, ते आधी सांगतो. हत्तीचा पाऊस पडून गेलेला असतो, घरोघरी भोंडल्याची गाणी सुरू असतात. टेकडीवर गवत कमरेला लागतं. पावसाळ्यात अंड्यातून निघालेले कीटक आता पुरते वाढलेले असतात, आणि त्यांच्यावर जगणारे कोळीही. पायवाटेच्या कडेला सिग्नेचर स्पायडरची मादी जाळ्याच्या मधोमध पाय फुलीसारखे जोडून बसलेली असते. तिचा इवलासा नर त्याच जाळ्याच्या काठावर असतो, पण दाखवल्याशिवाय तो कुणाला दिसत नाही. एकीकडे पावसाळी मंडळी अजून गेलेली नसतात, आणि दुसरीकडे हिवाळी पाहुणे यायला लागलेले असतात. ओढ्याकाठी धोबी शेपटी हलवत फिरतो, गवतावरून भोवत्या हा शिकारी पक्षी तरंगत जातो, ज्वारीच्या शिवारात भोरड्यांचे थवे उतरतात. दोन ऋतूंची माणसं एकाच वेळी भेटावीत असे दिवस वर्षात फार थोडे. नव्या माणसाला निसर्गाची गोडी लावायची तर हेच दिवस.

आता दोनशे पावलांत काय बघायचं? मी दोन गोष्टी नीट सांगतो.

पहिली गोष्ट कुसळ. पुण्याच्या वेताळ टेकडीवर, तळजाईवर, आणि खरं तर देशावरच्या कुठल्याही माळावर कुसळी गवत आहे. त्याच्या बिया मोज्यांत घुसतात आणि मुलं वैतागतात. वैतागू द्या, तिथेच फेरी थांबवा. प्रत्येकाला आपल्या मोज्यातलं एक कुसळ काढायला सांगा. खाली टोकदार बी असतं, त्यावर मागे वळलेली बारीक लव, आणि वर लांबलचक, पीळ पडलेली काडी. ते तळहातावर ठेवा आणि बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्या काडीवर टाका. काही क्षणांत काडी फिरायला लागते. हातातली वाळकी काडी आपोआप गोल फिरताना बघून आठवीतली मुलंही किंचाळतात, आणि त्यांच्या मागे उभे असलेले आजोबाही पुढे वाकतात.

ती का फिरते? काडीतल्या पेशी ओल्या झाल्या की पीळ सुटतो, वाळल्या की पुन्हा पडतो. पहाटे दव पडतं, दुपारी ऊन तापतं. दर दिवशी एकदा पीळ सुटतो, एकदा पडतो, आणि गिरमिट फिरावं तसं बी जमिनीत शिरत जातं. मागे वळलेली लव त्याला परत वर येऊ देत नाही. पेरायला कुणी नाही, तरी गवत स्वतःला पेरतं. हे एकदा तळहातावर बघितलेलं मूल टेकडीला पुन्हा ‘उजाड’ म्हणत नाही.

आणि हा ‘उजाड’ शब्द आपल्या टेकड्यांना फार महागात पडलेला आहे. उन्हाळ्यात टेकडी पिवळी पडते, म्हणून ती ओसाड आहे असं धरून आपण पिढ्यान्‌पिढ्या तिथे झाडं लावत सुटलो. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाचं रान माजलं ते त्यातूनच. गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेकडचं. त्याच्या दाट सावलीत कुसळी टिकत नाही. कुसळी गेली की चंडोल गेला, गवतात जमिनीवरच रात्र काढणारा भोवत्या गेला, तित्तिर गेला. माळरान हे जंगलाचं अपयश नव्हे, ती स्वतंत्र वसाहत आहे. हे वाक्य मी व्याख्यानात कितीही वेळा म्हटलं तरी त्याचा उपयोग मर्यादित. पण ऑक्टोबरात कमरेएवढ्या गवतात उभं राहून एक मुनिया बियांनी लगडलेल्या काडीला लटकलेली बघितली, की वृक्षारोपणाचा कार्यक्रम आखणारे नगरसेवकसुद्धा प्रश्न विचारायला लागतात. म्हणून सांगतो, फेरीला मुलांबरोबर त्यांचे पालक आणि सोसायटीचे पदाधिकारीही बोलवा.

दुसरी गोष्ट रुई. रुई सगळ्यांच्या ओळखीची, शनिवारी मारुतीला तिच्याच पानांची माळ घालतात. पण तिच्यापाशी बसून कुणी बघत नाही. एकाच झुडपापाशी अर्धा तास बसा. आधी एक ताकीद द्या: पान तोडायचं नाही, चिकाला हात लावायचा नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते.

पान उलटून बघितलं की प्लेन टायगर फुलपाखराची अळी सापडते. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि अंगावर शिंगांसारख्या मऊ धाग्यांच्या तीन जोड्या. ती खाते कशी ते बघा. आधी पानाची शीर कुरतडते, चिकाचा पुरवठा तोडते, मग पुढचं पान निवांत खाते. रुईतलं विष तिच्या अंगात उतरतं आणि फुलपाखरू झाल्यावरही तिथेच राहतं. एखाद्या पक्ष्यानं ते खाल्लं की त्याला ओकारी होते, आणि त्या नारिंगी-काळ्या रंगाला तो पुन्हा चोच लावत नाही. याचा फायदा घेणारं आणखी एक फुलपाखरू तिथेच उडत असतं. डॅनेड एगफ्लायची मादी अंगानं विषारी नाही, पण दिसायला अगदी प्लेन टायगरसारखी. नर मात्र पूर्ण वेगळा, काळ्या पंखांवर पांढरे गोल ठिपके. मुलांना दोन्ही दाखवा आणि विचारा, यांतली नक्कल करणारी कोण? उत्तर लगेच सांगू नका. त्याच झुडपावर रंगीत नाकतोडा असतो, पिवळा मावा असतो, माव्यावर ताव मारणारे लेडीबर्ड भुंगे असतात, माव्याचा गोड स्राव चाटणाऱ्या मुंग्या असतात. पलीकडे खुळखुळ्याचं झुडूप असेल तर त्यावर टायगर आणि क्रो जातीच्या फुलपाखरांची झुंबड असते. त्यांचे नर मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायला त्या झाडातली रसायनं शोषून घेतात.

हे सगळं मारुतीच्या माळेतल्या झाडावर. यासाठी जीप लागत नाही, सफारीचं आरक्षण लागत नाही. आणि इथे मुलं जी गोष्ट शिकतात ती यादीत मावत नाही. आपल्या फेऱ्यांना याद्यांचा रोग जडला आहे. ‘आज बेचाळीस पक्षी झाले’ असं म्हणून गट खाली उतरतो. नोंद ठेवावी, जरूर ठेवावी, तिचा अभ्यासाला उपयोग होतो. पण नव्या माणसासाठी कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या आधारानं जगतं, कोण कुणाला फसवतं, हे आधी. नाव मागाहून आलं तरी चालतं.

आता लांबच्या प्रवाशांबद्दल. ऑक्टोबरात मैदानावर, गच्चीवर पिवळसर चतुर घिरट्या घालतात. शहरातली मुलं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. त्यातला एक, पँटाला नावाचा चतुर, याच दिवसांत मालदीवमध्ये लाखोंनी अवतरतो. मालदीवमध्ये त्याला अंडी घालायला गोडं पाणी जवळजवळ नाही, मग हे येतात कुठून? तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं तारखा टिपल्या आणि २००९ साली मांडलं की हे चतुर भारताकडून निघून, वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पोचतात. तळहातावर मावणारा कीटक!

त्याच दिवसांत, त्याच दिशेनं अमूर ससाणा जातो. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून तो ईशान्य भारतात येतो, तिथे वाळवीवर आणि किड्यांवर पोसतो, मग भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. त्यातले काही वाटेत आपल्या लोणावळ्याच्या परिसरात दिसतात. २०१२ साली नागालँडमधल्या दोयांग धरणाजवळ हे ससाणे जाळी लावून रोज हजारोंनी मारले जात असल्याचं उघड झालं. पुढच्या वर्षी, २०१३ साली, पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार थांबवली. एका वर्षात! कायदा तर आधीपासून होताच. फरक पडला तो ग्रामसभांनी, चर्चनं आणि शाळांमधल्या निसर्गमंडळांनी. त्या वर्षी तीन ससाण्यांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली आणि त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी समुद्र ओलांडतोय म्हटल्यावर गावाचं त्याच्याशी नातं बदलणारच. निसर्गशिक्षणाचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही, आणि तो बाहेरच्या माणसांनी नुसता उपदेश करून घडलेला नाही.

दसऱ्याबद्दल थोडं. आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आपटा मिळाला नाही की सोनं म्हणून कांचन विकला जातो. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आपट्याखाली फेरी न्या. आपट्याचं पान लहान, जाड आणि रुंदीला जास्त, कांचनाचं मोठं. मुलांना ओळखायला शिकवा. ओळखायला लागली की तीच घरी जाऊन फांद्या आणणाऱ्या काकांना अडवतात.

बाकी शिस्तीचं थोडक्यात. साडेसहाला सुरुवात करा, ऑक्टोबरचं ऊन नऊनंतर सोसत नाही. अत्तर, परफ्यूम नको, त्यानं मधमाश्या चवताळतात. कड्याजवळ आग्या मोहोळं असतात. साप दिसला तर लांबून बघा, उचलून दाखवणाऱ्या सर्पमित्राला फेरीत बोलवू नका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवू नका. दुर्मिळ फूल दिसलं तर त्याचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका.

आणि त्याच जागी पुन्हा जा. कारवी हे झुडूप कित्येक वर्षांनी एकदाच फुलतं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली फुलली, त्यानंतर २०२४ साली. दुसरीत असताना ती पाहिलेलं मूल दहावीत गेल्यावर त्याच जागी कारवीची पुढची पिढी फुललेली पाहतं. एवढ्या लांबीचा अभ्यासक्रम कुठल्या शाळेत आहे?

शेवटचा मुद्दा माणसांचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या फेऱ्यांना कोण येतं? दुर्बीण परवडणारी, रविवारी सुट्टी असणारी मंडळी. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीतली मुलं रोज त्याच वाटेनं शेळ्या नेतात, ती फेरीत नसतात. मोर पावसाळ्यानंतर पिसं गाळतो आणि ती कोणत्या झाडाखाली सापडतात, हे त्या मुलांना ठाऊक असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास फलटण, बारामतीकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाची वाट धरतात. आपण मुलांना सैबेरियाहून येणारा पक्षी सांगतो, पण दर शरदात आपल्याच जिल्ह्यातून पायी जाणारा हा वाडा, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचा तांडा, सांगत नाही. कुसळी मेंढराच्या तोंडाला कधी टोचते, कधी नाही, लांडगा कुठल्या घळीत बसतो, हे त्यांच्याइतकं मला येत नाही. त्यांना पाहुणे म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून बोलवा. आणि बोलावलंत तर मानधन द्या. सभागृहातल्या वक्त्याला जे देता तेच, आणि त्याच पाकिटात.

पक्षी सप्ताहातली आपली फेरी या वेळी सोसायटीच्या फाटकातून निघणार नाही. ती वस्तीतल्या शाळेच्या आवारातून निघेल, शुल्क नसेल, आणि वेळ त्या शाळेच्या बाईंनी ठरवलेली असेल. दुर्बिणी आपल्यापैकी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आणायच्या, आणि पहिला अर्धा तास त्या आपल्या गळ्यात राहणार नाहीत. नावं नोंदवायची वही दाराशी ठेवली आहे.