पेंधर: शेवटचं स्टेशन

(दृश्य: पहाट. मेट्रो स्टेशनचा जिना, खाली चहाची टपरी.)

सकाळचे पावणेसहा. पेंधर स्टेशनच्या जिन्याखाली चहाचं पहिलं आधण ठेवलंय. आल्याचा वास वरपर्यंत येतो. रात्रपाळी संपवून तळोजा एमआयडीसीतून परतणारे कामगार आणि बेलापूरला कामावर निघालेल्या बायका, दोघंही याच बाकड्यापाशी भेटतात. एकाचा दिवस संपलेला, दुसरीचा सुरू होतोय.

वर तीन डब्यांची गाडी दिवे लावून उभी आहे. बेलापूर ते पेंधर, 11.1 किलोमीटर, 11 स्टेशनं. नवी मुंबईची पहिली मेट्रो. अख्खा मार्ग खांबांवरून जातो, त्यामुळे खिडकीशी जागा मिळाली तर खारघरचे डोंगर सोबत चालतात. पावसाळ्यात त्या डोंगरांवर पांढऱ्या रेघा उमटतात. नुसतं ते बघायलाही मी दोनदा गाडीत बसलोय.

(दृश्य: रिकामे खांब, जुनी छायाचित्रं.)

भूमिपूजन 2011 साली झालं आणि पहिला प्रवासी चढला 17 नोव्हेंबर 2023 ला. मधली बारा वर्षं आम्ही हे खांब बघत काढली. ज्यांनी मुलं पहिलीत असताना इथे घरं घेतली, त्यांची मुलं बारावी होऊन गेली. तो शुक्रवार होता, भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले. दुपारी तीनला सेवा सुरू झाली. कसलाही सोहळा नव्हता, पण माणसं घरातल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून, नवे कपडे घालून आली होती.

त्याआधी तळोज्यात, म्हणजे या पेंधरच्या परिसरात, राहणं म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. दिवा–पनवेल मार्गावर तळोजे पाचनंद हे रेल्वे स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्या. एक चुकली की बसा वाट बघत. म्हणून सगळा भार खारघर स्टेशनबाहेरच्या बसवर आणि शेअर रिक्षांवर. तीन माणसं मागे, एक पुढे चालकाला चिकटून. रात्री नऊनंतर तळोजा म्हटलं की मान नकारार्थी हलायची. पावसात भुयारी मार्गात पाणी भरलं की तेवढाही रस्ता बंद. एका जुलैत मी गुडघाभर पाण्यातून, चपला हातात घेऊन घरी पोचलोय. सोबत अनोळखी चौघं होते. आज त्यातले दोघं माझे शेजारी आहेत.

इथे घरं घेतली ती परवडली म्हणून. 2018 मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने 14,838 घरांची सोडत काढली, त्यात तळोजाही होतं. यादीत नाव लागल्यावर पेढे वाटले गेले. पण घर लागणं आणि रोज घरी पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ताबा मिळाल्यावर कळलं.

(दृश्य: स्वयंपाकघर. गॅसवर कुकर.)

आता हे घर बघा. रात्रीचे साडेआठ. आई फोन लावते.

"कुठे आलीस गं?"

"सेंट्रल पार्क सोडलं."

"बरं, मग भात लावते."

सेंट्रल पार्कनंतर पेठपाडा, अमनदूत, पेठाली-तळोजा आणि मग पेंधर. चार स्टेशनं. लेक जिने चढून दारात येते तेव्हा कुकरचं झाकण उघडलेलं असतं. वर्षानुवर्षं या घरात ताट झाकून ठेवायची सवय होती. ती सुटली.

पैशाचंही बोलू. सुरुवातीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस रुपये पडायचे. 2024 च्या गणेश चतुर्थीपासून ते तीस झाले. दिवसाला जाऊन-येऊन वीस रुपये वाचणं म्हणजे महिन्याला पाचशे. इथल्या घरांत पाचशेला अर्थ आहे.

(दृश्य: गावातली जुनी कौलं, मागे उंच इमारती.)

स्टेशनपासून थोडं आत गेलं की कौलारू घरं लागतात. अंगणात जाळं वाळत पडलेलं, पाटीत चिंबोऱ्या. हा आगरी-कोळी मुलूख. 1970 पासून नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यांच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली माणसं रस्त्यावर उतरली, जानेवारी 1984 मध्ये उरणमधल्या जासई-नवघरच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क मान्य झाला. आपण ज्या गुळगुळीत फरशीवरून गाडीत चढतो, तिच्याखाली कुणाचं तरी भाताचं शेत होतं.

म्हणून मला पेठपाडा, पेठाली-तळोजा, पेंधर ही नावं फलकावर दिसली की बरं वाटतं. आधी आराखड्यात काही स्टेशनं नुसती सेक्टर 11, सेक्टर 14 अशी होती; ते आकडे. आकड्याला माहेर नसतं. गावाची नावं आणखी लागायला हवी होती.

(दृश्य: रात्र. बेलापूर स्टेशन.)

सेवा सुरू झाली तेव्हा शेवटची गाडी रात्री दहाची ठेवली होती. दुसऱ्या पाळीचा कामगार, हॉटेलातला पोऱ्या, दवाखान्यातली आया, यांची सुट्टी त्यानंतर होते. त्यांना मेट्रो तेव्हा पुरती मिळाली नव्हती.

बेलापूरला लोकल लागते. डब्यातून उतरलेली एक बाई पिशवी छातीशी धरून धावत सुटते. जिना, तपासणी, पुन्हा जिना. दारं मिटायच्या आत ती गाडीत. धाप लागलेली असतानाच पिशवीतून फोन काढते.

"मिळाली रे. झोपू नकोस."