नदीपलीकडून आलेला ब्रॉन्को

श्रोतेहो, नमस्कार.

कॅनडा आणि अमेरिका यांच्या सीमेवरून रेनी नावाची नदी वाहते. एका काठाला कॅनडातलं ऑन्टॅरिओ, दुसऱ्या काठाला अमेरिकेतलं मिनेसोटा. 3 नोव्हेंबर 1908 रोजी कॅनडाच्या बाजूला, रेनी रिव्हर नावाच्याच गावात, एका युक्रेनियन घरात मुलगा जन्मला. आईवडील गॅलिसियातून, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून, पोटासाठी एवढ्या लांब आलेले. मुलगा चार-पाच वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी पुन्हा बिऱ्हाड उचललं आणि नदी ओलांडून इंटरनॅशनल फॉल्सला आले. लाकडाच्या वखारी, कागदाचा कारखाना आणि हाडं गोठवणारा हिवाळा असं ते गाव. तिथं वडिलांनी किराणा दुकान टाकलं आणि घरोघर सामान पोचवायचं काम पोराकडे आलं.

मुलाचं नाव ब्रोनिस्लाव. आई त्याला शाळेत घालायला गेली. बाईंनी नाव विचारलं, आईनं सांगितलं, पण तिचा उच्चार बाईंना काही केल्या उमगेना. शेवटी जे कानावर पडलं तेच त्यांनी लिहून टाकलं, ब्रॉन्को. अशी गोष्ट सांगतात. तिकडच्या बोलीत ब्रॉन्को म्हणजे न माणसाळलेला घोडा! पुढं अमेरिकेनं ज्याला डोक्यावर घेतलं तो ब्रॉन्को नागुर्स्की हाच. मला ही गोष्ट ऐकताना त्या आईचं फार वाटतं. स्वतःच्या लेकराचं नाव सांगतेय, आणि समोरच्याला ते कळत नाहीये.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू बगलेत मारून समोरच्या माणसांची भिंत फोडत जायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड जमले नाहीत, तर चेंडू दुसऱ्याच्या हाती. त्या काळी डोक्याला चामड्याची टोपी असायची, आणि चढाई करणारे खेळाडूच बचावालाही उभे राहायचे. ब्रॉन्को फुलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन थेट भिंतीवर जाणारा. उंची सहा फूट दोन इंच, वजन 226 पौंड. समोरचे बरेचसे बचावपटू त्याच्याहून हलके भरायचे. त्याच्या बोटाची अंगठी अमेरिकन मापानं साडेएकोणीस नंबरची. चारचौघांना दहा-अकरा नंबरची बसते.

अशा माणसाभोवती दंतकथा जमणारच. मिनेसोटा विद्यापीठाचा प्रशिक्षक खेळाडूंच्या शोधात वाट चुकला. शेतात एक तरुण बैल-घोड्याशिवाय नांगर ओढत होता. रस्ता विचारल्यावर त्यानं नांगरच उचलला आणि नांगरानंच दिशा दाखवली! आपल्याकडं जुन्या पैलवानांच्या अशाच गोष्टी पारावर रंगतात. मला मात्र त्याच्या पगाराची गोष्ट सांगायची आहे, कारण ती कुणी फारशी सांगत नाही.

1930 साली तो शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात आला. जॉर्ज हॅलस हे संघाचे एक मालक. वर्षाचे 5000 डॉलर ठरले. पण देशावर महामंदी आली होती. दुसऱ्या वर्षी 4500 झाले, पुढं 3700. मैदानावर नाव मोठं होत होतं आणि पाकीट हलकं होत होतं.

नेमक्या त्या 3700 च्या वर्षी, 18 डिसेंबर 1932 ला, अजिंक्यपदाचा निकाल लावणारा सामना होता, पोर्ट्समथ स्पार्टन्सविरुद्ध. शिकागोत बर्फ आणि थंडी अशी, की उघड्यावर खेळणं अशक्य. म्हणून सामना छपराखाली, शिकागो स्टेडियममध्ये घेतला. तिथं नुकतीच सर्कस होऊन गेली होती. तिच्यासाठी टाकलेली माती तशीच होती, आणि वासही. 100 यार्डांचं मैदान कुठून बसणार? 80 यार्डांवर भागवलं. 11,198 प्रेक्षक दाटीवाटीनं बसले.

तीन सत्रं गुणफलक कोरा राहिला. चौथ्या सत्रात बेअर्स गोलरेषेपासून दोनेक यार्डांवर पोचले आणि शेवटचा प्रयत्न उरला. चेंडू ब्रॉन्कोकडं आला. तो भिंतीवर धावून जाणार, हे सगळ्या स्टेडियमला माहीत होतं. तो दोन पावलं पुढं गेला, थबकला, मागं सरकला आणि उडी मारून त्यानं चेंडू आपल्याच संघातल्या रेड ग्रेंजकडं फेकला. चेंडू गोलरेषेपार, म्हणजेच टचडाउन! पोर्ट्समथचे प्रशिक्षक भडकले. तेव्हाच्या नियमानं चेंडू फेकणारा, डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या पाच यार्ड मागं हवा, आणि ब्रॉन्को तेवढा मागं नव्हता, असं त्यांचं म्हणणं. पंचांनी ऐकलं नाही. बेअर्स 9-0 नं जिंकले, आणि पुढच्याच वर्षी नियम बदलला. त्या रेषेच्या मागं कुठूनही चेंडू फेकायची मुभा मिळाली. आज टीव्हीवर दिसणारा हवेतून धावणारा अमेरिकन फुटबॉल त्या बदलामुळं मोकळा झाला.

एवढं करूनही घर चालवायला त्यानं दोरखंडांच्या रिंगणातली व्यावसायिक कुस्ती धरली. 1937 मध्ये तो कुस्तीचा जागतिक हेवीवेट विजेता झाला. त्या वर्षी तो दोन्हीकडं राबत होता. आज सामना, उद्या रेल्वेनं दुसऱ्या शहरात जाऊन कुस्ती. हंगाम संपल्यावर त्यानं पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, आणि त्यानं फुटबॉल सोडला. वय अवघं एकोणतीस. हॅलस यांनी हा माणूस थोड्या पैशांसाठी जाऊ दिला, हे मला आजही पटत नाही.

1943 मध्ये खेळाडू युद्धावर गेले, संघांना माणसं मिळेनात, तेव्हा त्याच बेअर्सनी त्याला परत बोलावलं. तो गेला. पस्तिशीतल्या त्या देहानं अंतिम सामन्यात टचडाउन केला, अजिंक्यपद मिळवून दिलं आणि फुटबॉल कायमचा सोडला.

1963 साली व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमची, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनाची, पहिली यादी निघाली, तिच्यात त्याचं नाव होतं. जानेवारी 1984 मध्ये टॅम्पाला सुपर बोलच्या, म्हणजे या खेळाच्या वार्षिक अंतिम सामन्याच्या, नाणेफेकीचा मान त्याला दिला गेला.

पण निवृत्तीनंतरची कितीतरी वर्षं त्यानं इंटरनॅशनल फॉल्समध्येच पेट्रोल पंप चालवला. मैदान आणि आखाड्यानं गुडघे खाल्ले होते. हात मात्र तेच, साडेएकोणीस नंबरच्या अंगठीचे. गावकरी सांगायचे, पेट्रोल भरून झालं की ब्रॉन्को टाकीचं झाकण असं काही पिळून बसवतो, की ते दुसऱ्या कुणाला उघडत नाही. पुढच्या खेपेला गाडी घेऊन त्याच्याच पंपावर यावं लागतं.