केस उगवायचा हुकूम कोण देतं?

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलिन जहोडा आणि अमांडा रेनॉल्ड्स हे इंग्लंडमधल्या डरम विद्यापीठातलं संशोधक जोडपं. जहोडांच्या डोक्यावरच्या केसांच्या मुळांभोवती जे आवरण असतं, त्यातल्या थोड्या पेशी काढल्या आणि रेनॉल्ड्सबाईंच्या हाताच्या कातडीत बसवल्या. काही आठवड्यांत तिथे केस आले, आणि तेही हातावरच्या लवीपेक्षा जाड नि गडद! १९९९ साली हा प्रयोग ‘नेचर’मध्ये छापून आला.

आता हे केस कुणाचे, नवऱ्याचे की बायकोचे? तपासलं तर मुळाच्या गाभ्यात पुरुषाचं वाय गुणसूत्र असलेल्या पेशी सापडल्या; भोवतीच्या पेशी, ज्यांच्यापासून केस बनतो, त्या मात्र बाईंच्याच. म्हणजे माल बायकोचा, हुकूम नवऱ्याचा. (घरात उलटं असेल, ते सोडा.)

आपल्या सगळ्यांच्या त्वचेत हेच चालतं. आईच्या पोटात असतानाच वरच्या थरात जागोजागी पेशी जाड होतात आणि खालच्या थराला रासायनिक निरोप धाडतात. खालच्या पेशी तिथे गोळा होतात, उलट निरोप देतात, मग वरच्या पेशी खाली उतरून त्या गोळ्याला वेढा घालतात. हा गोळा म्हणजे डर्मल पॅपिला. तो मोठा असला की केस जाड. टक्कल पडताना पुरुषी संप्रेरकांचा परिणाम याच गोळ्यावर होतो. तो आक्रसतो आणि केस लवीसारखा होत जातो.

म्हणून जावळ काढल्यावर केस दाट येतात, हे काही खरं नाही. वस्तरा वरचा निर्जीव केस कापतो, खालच्या गोळ्याला त्याचा पत्ताही नसतो. हौसेनं जावळ करा, पण त्या आशेनं नको.

मग या गोळ्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून टकलावर का पेरत नाहीत? अडचण अशी, की माणसाच्या पेशी काचेच्या बशीत सपाट पसरून वाढवल्या की हुकूम द्यायचं विसरतात. २०१३ साली जहोडा आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटानं बशी उलटी करून, लटकत्या थेंबांत पेशी वाढवल्या. एकमेकींना बिलगल्यावर त्यांना थोडंफार आठवलं! जिथे एरवी केस नसतात अशी माणसाची त्वचा उंदरांच्या पाठीवर लावून त्यात त्या सोडल्या, तेव्हा सातपैकी पाच वेळा केस उगवले.

मात्र यातून दवाखान्यात मिळेल असा उपचार अजून आलेला नाही. आज केसरोपणात डोक्यामागची मुळं काढून पुढे लावतात. एकूण मुळं त्यानं वाढत नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी मागे किती केस शिल्लक आहेत, ते डॉक्टरांना जरूर विचारा. नमस्कार.