दिवसाची लाईट

(रात्रीचं शिवार. आधी मोटारीचा आवाज, मग पाण्याचा.)

वैजापूर तालुका. जानेवारी महिना, रात्रीचे सव्वाबारा. एक शेतकरी. कानाला मफलर, एका हातात बॅटरी, खांद्यावर फावडं. कांदा पाण्याला आलाय आणि या आठवड्यात लाईट रातीची आहे.

शेतीच्या फिडरला, म्हणजे पंपांकडे जाणाऱ्या वेगळ्या लाईनला, मोटार चालवणारी थ्री फेज वीज पाळीपाळीनं मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा कारखाने, ऑफिसं चालू असतात. रात्री त्यांची मागणी उतरली की वीज शेताकडे वळते.

(बॅटरीचा झोत वाफ्यावर.)

याला म्हणतात दारं धरणं. वाफा भरला की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. दिवसा हे नजरेनं होतं. रात्री कानानं करावं लागतं. पाट कुठं फुटला ते आवाजावरून ओळखायचं. पाऊल टाकायच्या आधी बॅटरी मारायची, ओलीला साप येतो.

(स्टार्टरची पेटी, जवळून.)

हा स्टार्टर. त्याच्या शेजारचा हा छोटा डबा म्हणजे ऑटो. लाईट आली की मोटार आपोआप चालू. रात्री थंडीत विहिरीपर्यंत जायला लागू नये म्हणून लोकांनी बसवलेला. पण लाईट येते तेव्हा एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदमच उठतात. व्होल्टेज पडतं, मोटारी तापतात, कधी डीपीच जळते. आणि जो वाफा भरून झालाय त्यावरून पाणी बांधाबाहेर जात राहतं, कारण बघणारा माणूस झोपलेला असतो.

पाच एचपीची मोटार तासाला चार युनिटच्या आसपास वीज घेते. कोळशावरच्या केंद्रात एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. तासभर पाणी बांधाबाहेर गेलं, तर कुठंतरी तीन किलो कोळसा त्या पाण्यापायी जळाला.

(पहाट. सौर पॅनलच्या रांगा. ब्रश काचेवरून फिरतो.)

ऊन चढायच्या आत हे काम उरकतात. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जायची भीती असते. ब्रशखालून उतरणारं पाणी बघा, चहासारखं आहे. ही आसपासच्या रस्त्यांची धूळ. ती तशीच राहिली तर तेवढी वीज कमी.

याच तालुक्यातल्या धोंदलगावात सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या, म्हणजे शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या योजनेच्या, दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प सुरू झाला. क्षमता ३ मेगावॅट. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. पॅनलमधून निघालेली वीज आधी इन्व्हर्टरमध्ये जाते, तिथून ट्रान्सफॉर्मरमधून ११ हजार व्होल्टवर चढते आणि जवळच्याच सबस्टेशनात पोचते. तिथून थेट शेतीच्या फिडरवर. शेकडो किलोमीटर तारांवरून येताना जी वीज वाटेत झिजते, ती इथं वाचते. ढग आले तर सबस्टेशन नेहमीच्या ग्रीडमधून वीज घेतं. शेतकऱ्याला विहिरीवर काहीच बदलावं लागत नाही. मोटार तीच, स्टार्टर तोच. फक्त घड्याळ बदलतं, लाईट दिवसा येते.

(सकाळ. तेच शेत, तेच फावडं.)

आणि आम्हाला हे महत्त्वाचं वाटतं. सूर्यावरची वीज कोळसा वाचवते, हे सगळेच सांगतात. पण दिवसा माणूस पाण्यापाशी उभा असतो. वाफा भरला की लगेच दार मोडतो. सगळं रान भिजलं की मोटार बंद करतो. विजेची मागणी इथं, या बांधावर कमी होते.

(विहिरीच्या काठावर, फूटव्हॉल्व्ह वर काढलेला.)

हा फूटव्हॉल्व्ह, विहिरीतल्या पाईपच्या तळाचा. जाळीत शेवाळ आणि पाला अडकलाय. त्याच्यामुळं मोटारीला श्वास घ्यायला त्रास व्हावा तसं होतं. वीज जळते आणि पाणी कमी येतं. घासायला दहा मिनिटं लागली. स्टार्टरजवळ कपॅसिटर, म्हणजे लाईनवरचा करंट कमी करणारा छोटा डबा, बसवला तर डीपीवरचा भारही हलका होतो. पॅनलपेक्षा ही कामं कितीतरी स्वस्त आहेत. आधी हीच व्हायला हवीत.

राज्यात ४५ लाखांहून जास्त कृषिपंप आहेत. सौर वीज न पोचलेल्या फिडरवर अजून रातपाळी येते. आणि दिवसभर फुकट मिळतंय म्हणून उपसा केला तर विहिरीचा तळ दिसेल, म्हणून ठिबक लागेलच.

(फावडं मातीत रोवलेलं. तो विहिरीकडे चालत जातो.)

दुपारचा दीड. शेवटचं दार मोडलं. ऑटोची वायर त्यानं मागच्या आठवड्यातच काढून टाकली, ती पेटीवर गुंडाळून ठेवलेली दिसतेय. मोटार तो स्वतः बंद करतो.

लाईट जायला अजून तीन तास आहेत.

(मोटार थांबते. पाटातलं उरलेलं पाणी हळूहळू पुढं सरकतं.)